लेथवरची भाजी

गौस, तू गेल्याचं मला कळलं तेव्हा मी हसत होतो. हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायला नको.

पुतणीच्या लग्नासाठी पाच दिवस नेसरीला होतो. मोबाईलचा चार्जर कोल्हापुरात राहिलेला, आणि लग्नघरात मला वाढप्याचं काम दिलेलं. सहाव्या दिवशी दुपारी एसटीतून उतरलो, रिक्षा केली, तालमीच्या चौकात आलो तर समोर तू. दहा फूट उंच. फेटा, गॉगल, मिशीला पीळ आणि पाठीमागे निळे ढग. गेल्या वर्षी तुझ्या पन्नाशीला तालमीच्या पोरांनी हाच फोटो लावून शुभेच्छांचा फ्लेक्स उभा केला होता, आणि तू लाजेनं पंधरा दिवस मागच्या बोळातनं कामावर जात होतास. मला वाटलं, पोरांनी पुन्हा डाव साधला. रिक्षा थांबवली. भर चौकात, कमरेवर हात ठेवून, फ्लेक्ससमोर उभा राहिलो आणि ओरडलो, "बघा रं, मिस्त्री आमदार झाला!" आणि हसलो. माझं हसणं तुला माहीत आहे. तालमीच्या माडीवरची कबुतरं उडतात.

कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला बाहेर आला. हातात चुन्याची काडी तशीच.

"मास्तर," तो म्हणाला, "हसू नगा. मातीबी झाली की."

मला कळेचना, माती कुणाची. मी तुझ्याकडेच बघितलं, तूच सांगशील म्हणून. मग फेट्यावरची ओळ वाचली. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली ओळ माणसाला दिसत नाही, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर समजलं. माझं तोंड अजून हसण्याच्या आकारातच होतं. ते बंद कसं करायचं तेच आठवेना. रिक्षावाल्यानं माझी बॅग खाली ठेवली आणि निघून गेला. त्याला मी वेडा वाटलो असेन.

आणि फोटोखाली नाव होतं: 'टर्निप' गौसमिस्त्री.

तुझ्या आईबापानं ठेवलेल्या नावाच्या आधी, मी ठेवलेलं नाव.

मशिनसमोरच उभा होतास म्हणे. चकात, म्हणजे मशिनच्या जबड्यात, जॉब म्हणजे कातायचा तुकडा लावलास, मशिन सुरू केलंस आणि नुसता खाली बसलास. शेजारच्या मशिनवरच्या गड्याला वाटलं, काहीतरी पडलं असेल ते शोधतोय. चक फिरत राहिला. पाच दिवस झाले होते या गोष्टीला, आणि त्या पाच दिवसांत मी नेसरीच्या मांडवात तुझ्याच नावावर दोनदा हशा घेतला होता. हे मोजून सांगतो. एकदा हळदीला आणि एकदा लग्नाच्या पंगतीत. दुसऱ्या वेळी तू जमिनीखाली होतास.

आपली दोस्ती झाली तालमीच्या गणपतीच्या मांडवात. मी इंग्रजीचा मास्तर आणि हौशी गोष्टीवाला. सण कुठलाही असो, मला माईक लागतो. तू उद्यमनगरातल्या एका लहानशा मशिनशॉपमधला लेथवरचा माणूस, धातू गोल कातणारा टर्नर. मी मांडवाचा खांब धरून उभा राहायचं सोडून बोलत होतो. तू खड्ड्यातनं डोकं वर काढून म्हणालास, "मास्तर, तोंड हाय का कंप्रेसर?" त्या क्षणी मला कळलं की या माणसाला सोडायचं नाही. मला बोलताना अडवणारी माणसं फार थोडी मिळाली आयुष्यात. बायको आणि तू.

पण खरं भांडण सुरू झालं ते तुझ्या घरी, नव्वद सालानंतरच्या कुठल्याशा थंडीत. रविवार होता. भाभींनी ताट वाढलं. लालभडक रश्शात मटण आणि त्याच्याशेजारी पांढऱ्या मऊ फोडी. आमच्या घरात मटणात बटाटासुद्धा घातला तर वडील ताट सरकवत. मी म्हणालो, "भाभी, मटणात नवलकोल?"

भाभी पदर तोंडाला लावून हसल्या. "नवलकोल नै भाईसाब, शलगम है. खाव की."

खाल्लं आणि गप्प झालो. तू घाबरलास. "काय झालं? हाड अडाकलं?" हाड कसलं अडकतंय! त्या तिखटात ती फोड गोडसर लागत होती, मागून अगदी किंचित कडवट, आणि जिभेनं दाबली की रस्साच तोंडात सोडून मोकळी होत होती. तिशी ओलांडलेला माणूस, कोल्हापुरात जन्मलेला, आणि दोन गल्ल्यांपलीकडे हे शिजतं याचा पत्ता नाही. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. अपमान झाला की मी शिकवायला लागतो, ही माझी जुनी खोड.

"शलगम हा शब्द फारसीतून आलाय," मी म्हणालो.

"म्हंजे आमच्याकडचाच की," तू भाकरी मोडत म्हणालास.

"आणि इंग्रजीत त्याला म्हणतात टर्निप."

तुझा हात ताटात थांबला. "काय म्हणालास? परत म्हण."

"टर्निप."

तू तसाच उठलास. बोटांना रस्सा, लुंगी एका हातानं सावरलेली. आत गेलास आणि टोपलीतनं एक अख्खं शलगम घेऊन आलास. खांद्याला जांभळं, खाली पांढरं, टोकाला शेपटी. माझ्या ताटाशेजारी ठेवलंस.

"नाव सोड. हे नुसतं बघ आणि सांग."

"काय सांगू? कंद आहे."

"आरं मर्दा, हे चकात धरल्यालं बूड. मानंवर बारीक गोल रेघा हायत, दिसत्यात? टूल फिरल्याच्या असत्यात तसल्या. आनि ही शेपटी. जॉब झाला की आमी पार्टिंग मारतो, म्हंजे कापून सुट्टा करतो. सगळ्या बाजूनं कापत आलं की शेवटाला मधोमध येवढीशी शेपटी ऱ्हाती. दुसऱ्या कशानं येत न्हाय ती. कुण्यातरी गोऱ्या टर्नरनं हे शेतातनं उपाटलं, बघिटलं, आनि बायकोला म्हणाला, आगं, हे तर माझं काम. मग नाव पडलं."

मी इतका हसलो की भाभी बाहेर आल्या. मी म्हणालो, इंग्रजांना काही कामधंदा नव्हता का, मिस्त्रीच्या नावावरनं भाजीला नाव ठेवायला? तू म्हणालास, ज्यानं ते हातात धरलं त्याला कामधंदा हुता, म्हणूनच ठिवलं. मी म्हणालो, पुरावा? तू म्हणालास, उद्या जेवणाच्या सुट्टीत शॉपवर ये.

आलो. पांढरा शर्ट घालून आलो, कारण शाळेतनं थेट आलो. तू शलगम चकात धरलंस, तीन जबड्यांत, मुंगीला धरावं इतक्या हळुवार. आजूबाजूची सगळी मशिनं थांबली. पाच-सात गडी जमले. टूल पुढे आणलंस. पहिला कट सुंदर निघाला, खरंच सांगतो. पांढऱ्या सालीची एक लांबच लांब ओली फीत निघाली आणि गडी "वाऽऽ" म्हणाले. दुसऱ्या कटाला शलगम चकातनं सुटलं, छताच्या पत्र्यावर आपटलं आणि त्याचा निम्मा भाग माझ्या छातीवर आला. वर हत्यार गार ठेवायचं ते दुधासारखं कुलंटचं पाणी. दुपारचे तीन तास मी त्याच शर्टात घेतले. नववीच्या वर्गात वास सुटला होता.

"फीत निघाली का न्हाय?" तू दारापर्यंत ओरडत आलास. "निघाली का न्हाय तेवढं सांग!"

महिन्याभरानं तू पितळेचं शलगम करून आणून दिलंस. मुठीएवढं, गुळगुळीत, मानेवर चार बारीक रेघा आणि खाली पार्टिंगची शेपटी मुद्दाम तशीच ठेवलेली. भांडणात इतका देखणा मुद्दा मला आजवर कुणी दिला नाही. आणि मी काय केलं? मी ते स्टेजवर नेलं.

गौस, तो किस्सा माझा सगळ्यात गाजलेला किस्सा झाला, हे तुलाच मी काय सांगू. गणपतीत सांगितला, शिक्षकदिनाला सांगितला, कोजागरीला सांगितला, शाहूवाडीत एका बारशाला सांगितला. तुझा आवाज काढायचो. लुंगी सावरायचो. पितळी शलगम माईकसमोर धरून म्हणायचो, "आगं, हे तर माझं काम!" आणि लोक खुर्च्यांवरून घसरायचे. शेवटी मी मास्तराचा चेहरा करून म्हणायचो, "अशा रीतीनं इंग्रजी भाषेचा शोध उद्यमनगरात लागला." टाळ्या. तिथंच मी तुला 'टर्निप मिस्त्री' म्हणालो आणि दुसऱ्या दिवसापासून तू सगळ्या पेठेचा टर्निप मिस्त्री झालास. कोल्हापुरात टोपणनाव एकदा चिकटलं की ते रेशनकार्डावरच्या नावापेक्षा घट्ट बसतं. तू पहिल्या रांगेत बसायचास. हसायचास. इतका मोठ्यानं हसायचास की मला वाटायचं, याला आवडतंय.

आता ती गोष्ट, जी मी तुला सांगितली नाही.

सलमा आठवीत होती. तिच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला भाज्यांची नावं चालली होती. टर्निप आलं. तुझी पोरगी उभी राहिली आणि तू तिला घरी सांगितलं होतंस ते सगळं तिनं सांगितलं. चक, रेघा, शेपटी, सगळं. मागच्या बाकावरनं कुणीतरी ओरडलं, "हिचा बाप टर्निप मिस्त्री!" आदल्या गणपतीत निम्म्या वर्गानं माझा कार्यक्रम बघितलेला. वर्ग हसला, सर हसले. पोरगी घरी येऊन जेवली नाही.

तू माझ्याकडे आलास. इस्त्रीचा शर्ट घालून आलास आणि दारातच उभा राहिलास. मी बस म्हणालो, बसला नाहीस.

"मास्तर, तुज्या साळंत मोठी डिक्शनरी हाय म्हणालतास. येकदा बघ. खोटं असंल तर खोटं म्हण, मी पोरीला सांगतो, बाप चुकला. खरं असंल तर तूच येऊन सांग. माजं सांगणं आता तिला चालायचं न्हाय."

आयुष्यात तू माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. माझी स्कूटर तू सतरा वेळा दुरुस्त केलीस. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा कामावरनं थेट येऊन, हाताचं ग्रीस न धुता, त्यांच्या पायाशी बसलास. आणि मागितलंस काय, तर एका शब्दाचं मूळ.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ग्रंथालयात गेलो. कपाटातल्या खालच्या खणातला जाडजूड शब्दकोश काढला. माझी खात्री होती, गौस. मी पुढच्या किश्शाची जुळवाजुळवसुद्धा करून ठेवली होती. पान उघडलं.

लिहिलं होतं की या शब्दाचा मागचा तुकडा म्हणजे या भाजीचंच जुनं नाव, लॅटिनमधनं आलेलं. आणि पुढचा तुकडा बहुधा 'टर्न', कारण ही भाजी लेथवर फिरवून काढल्यासारखी गोल असते.

लेथवर. हा शब्द तिथं छापलेला होता. मी बोट ठेवून वाचला.

तरी मन मानेना म्हणून खुद्द 'टर्न' शब्द काढला. तिथं त्याहून मोठा धक्का. त्या क्रियापदाचं मूळच लॅटिनमध्ये लेथवर धरून गोल कातणं. आणि त्याच्याही मागे ग्रीकांचं एक गोल आखायचं, गोल कातायचं हत्यार. म्हणजे मी पंधरा वर्षं पोरांना शिकवलं की टर्न म्हणजे वळणं, आणि मग त्यावरनं टर्नर. उलटंच होतं सगळं. आधी तुझं मशिन, मग जगातली सगळी वळणं. रस्त्याचं वळण, पानाचं वळण, नशिबाचं वळण, सगळं तुझ्या शॉपमधनं बाहेर पडलेलं. किस्स्याच्या शेवटी मी जे वाक्य टाळ्यांसाठी म्हणत होतो ते जवळजवळ खरं होतं. आठवी नापास माणसानं जेवणाच्या ताटावर एक कंद हातात धरून ते ओळखलं होतं, आणि एम.ए. झालेला माणूस शर्टावरचा डाग दाखवत जिल्हाभर फिरत होता.

संध्याकाळी तू माझ्या फाटकाशी उभा होतास. "बघिटलंस?"

मी म्हणालो, "बघितलं. तसं स्पष्ट काही दिलेलं नाही."

बघ कसं बोललो. शब्दकोशात 'बहुधा' असं लिहिलं होतं ना! त्या एका 'बहुधा'च्या आड मी लपलो. खोटं बोललो नाही, असं मी त्या रात्री स्वतःला सांगितलं, आणि मला ते पटलंसुद्धा. गणपती आठ दिवसांवर आले होते. कार्यक्रम ठरलेला. तू बरोबर ठरलास तर किस्स्यात उरतं काय? हसायचं कुणाला? हिशेब एवढाच होता. मी त्याला आजवर नाव दिलं नव्हतं.

तू मान डोलावलीस. "बरं झालं कळलं," म्हणालास, आणि सायकल हातात धरून चालत गेलास. टांग मारली नाहीस. मी बघत होतो.

त्यानंतर तू मला शब्द विचारणं सोडलं नाहीस, हे मला त्या वेळी फार सोयीचं वाटलं. नरसोबाच्या वाडीला बासुंदी खायला गेलो होतो तेव्हा स्कूटरवर मागं बसून सगळा रस्ताभर विचारत होतास. नवलकोल कुणाचं? मी म्हणालो, डचांचं असं म्हणतात. बटाटा? पोर्तुगीजांचा. "मग आपलं काय हाय का न्हाय ताटात?" तू ओरडलास, आणि मी म्हणालो वांगं, आणि तू म्हणालास, "मग वांग्याचंच खा ल्येका आयुष्यभर." आपण दोघं इतके हसलो की स्कूटर कडेच्या उसात गेली. पण टर्निपचं नाव तू काढलं नाहीस. नऊ वर्षांत एकदाही नाही. भाभींचा शलगम-गोश्तचा डबा दर थंडीत येत राहिला. मी चाटूनपुसून खाल्ला आणि डबा धुऊन परत पाठवला.

सांगायचं होतं रे. दर वर्षी ठरवायचो, या गणपतीनंतर. आधी वाटायचं, भेटला की सांगू. मग वाटायचं, इतक्या उशिरा सांगितलं तर विचारेल, इतके दिवस का नाही? मग वाटायला लागलं, विसरला असेल. माणूस किती सोयीचं विसरवतो दुसऱ्याला!

तिसऱ्या दिवशी कबरीवर जाऊन दुआ करतात ती जियारत मला चुकलीच होती. तुझ्या घरी आलो तो सहाव्या दिवशी, फ्लेक्ससमोरून, तसाच, प्रवासातल्या कपड्यांत. दारात चपला कमी झाल्या होत्या. भाभी आतल्या खोलीत होत्या. बाहेर सलमा बसली होती. इचलकरंजीला गणित शिकवते ना ती आता. गणितच का घेतलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. तिनं मला पाणी दिलं. मी पाणी हातात धरून सगळं सांगितलं. शब्दकोश, लेथ, बहुधा, फाटक. थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

तिनं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "काका, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू आठवीत होतीस तेव्हापासून."

"अब्बांनाही माहीत होतं."

मी म्हणालो, "त्याला कोण सांगणार? मी तर..."

"तुम्ही बघितलंय, हे माहीत होतं. तुमचा चेहरा बघून आले होते ते. मला म्हणाले, बाप चुकला असं म्हण तू सध्या. पण मास्तर कायतरी गिळतोय. मी विचारायचे, मग तुम्ही त्यांच्या कार्यक्रमाला कशाला जाता? पुढं बसून हसता कशाला? म्हणाले, त्यो कवातरी खरं सांगणार. त्या टायमाला मी तितं असाय पायजे की. नसलो तर कुणाकडं बघून सांगंल?"

गौस, मी पाण्याचा पेला खाली ठेवला. तिनं तो उचलून आत नेला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नऊ वर्षं! नऊ वर्षं तू समोर बसत होतास, मी माईक हातात घेतला की माझ्या तोंडाकडे बघत होतास, आणि मी ते हसणं कौतुकाचं समजत होतो. मी समजत होतो की मी तुला खेळवतोय. तू तर दर वेळी मला एक संधी देऊन, हसून, घरी जात होतास. इतका धीर कुठल्या लोखंडातनं कातून काढला होतास?

निघताना सलमा म्हणाली, "मला सांगितलंत, बरं झालं. पण वर्गात तेव्हा मी हसले नव्हते की. हसले ते दुसरे होते, त्यांना कोण सांगणार?"

ते मला समजलं.

परवा तालमीत तुझी शोकसभा झाली. गादीवर पोरं, खुर्च्यांवर म्हातारी माणसं, तुझ्या शॉपमधले सगळे गडी कामाच्या कपड्यांतच आलेले. मागच्या बाजूला बायकांत सलमा आणि भाभी. दोघातिघांची भाषणं झाली. हवा जड झाली होती. तालमीचा सेक्रेटरी माझ्या कानाशी आला, "मास्तर, जरा हलकं करा. टर्निपचा किस्सा होऊ द्या. मिस्त्रीला आवडायचा."

उभा राहिलो. तोच किस्सा सुरू केला, कारण मला दुसरी रीत येत नाही. भाभी आणि नवलकोल. हसले. लुंगी सावरत आणलेलं शलगम. हसले. पांढरा शर्ट. खूप हसले, दुःखातनं माणसं जास्त हसतात. आणि जिथं मी मास्तराचा चेहरा करायचो तिथं आलो. चेहरा केला नाही. शब्दकोशाचं पान सांगितलं. आठवीचा वर्ग सांगितला. तू माझ्या फाटकाशी येऊन काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं, ते शब्दन् शब्द सांगितलं. म्हणालो, मिस्त्रीचं खरं होतं. पहिल्या दिवसापासून खरं होतं.

काही जण अजून हसत होते. त्यांना वाटलं, अजून गंमत यायची आहे. वीस वर्षांत मीच त्यांना तशी सवय लावलेली. त्यांच्या तोंडावरचं हसू एकेक करून उतरताना मी बघितलं, आणि ते बघणं फार वाईट असतं.

तुझ्या शॉपमधला सगळ्यात जुना टर्नर पाठीमागे भिंतीला टेकून उभा होता. ज्यानं तुला पहिल्यांदा मशिनवर उभं केलं तो. ऐंशीच्या घरात असेल. त्याला कमी ऐकू येतं; बाजूच्याला विचारून विचारून त्यानं सगळं समजून घेतलं. मग तिथनंच, सगळ्यांच्या डोक्यावरनं, ओरडला, "मास्तर! मग गडी जित्ता हुता तवा दातखिळी बसलीती व्हय?"

सेक्रेटरी त्याला गप्प करायला निघाला. मी म्हणालो, राहू दे.

बोलण्यात मी आजवर कुठं अडलो नाही, तुला माहीत आहे. त्या क्षणी निदान तीन उत्तरं माझ्या जिभेवर होती, तिन्ही चांगली, तिन्हींना लोक हसले असते. मी म्हणालो, "हशा गेला असता."

म्हाताऱ्यानं ते बाजूच्याकडून समजून घेतलं. मग म्हणाला, "बस खाली."

गौस, मी बसलो.